गोडे पाणी व तेल

“आधी तिला पाणी, मग मला चहा.”

काशीनाथ पावसकरने हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो सात वर्षांचा होता, आणि ‘ती’ म्हणजे कोण हे त्याला विचारावं लागलं नव्हतं. ती खेतवाडीतल्या डॉक्टरांच्या बंगल्यापुढे उभी होती. सायीच्या रंगाची, गोल पाठीची, नाक जरासं पुढे काढलेली. मुंबईकर जिला लाडाने डुक्कर फियाट म्हणत ती मोटार. वाक्य बोलणारे दाजी, म्हणजे काशीनाथचे वडील, डॉक्टरांचे ड्रायव्हर होते. रोज सकाळी काशीनाथच्या आईला एवढंच ऐकवून ते पितळी तांब्या घेऊन खाली उतरत. आई त्यावर काय म्हणायची, हे काशीनाथला आठवत नाही. बहुधा काही म्हणत नसावी. (आयांचं न बोलणं नोंदवून ठेवण्याची सोय अद्याप झालेली नाही.)

या वाक्यामागे मोठं शास्त्र आहे. मनुष्य पाण्यावाचून तीन दिवस काढू शकतो; मोटार तीन मैलसुद्धा काढू शकत नाही. शिवाय मनुष्याला तहान लागली तर तो तसं सांगतो. मोटार सांगत नाही, नुसती वाफ सोडते. ज्याला बोलता येत नाही त्याला आधी पाजावं, हे सुसंस्कृत समाजाचं पहिलं लक्षण होय. आता ज्याला बोलता येतं पण जो बोलत नाही त्याचा क्रम कितवा, असा प्रश्न एखादा विचारू शकेल. अजून कुणी विचारलेला नाही, म्हणून आपणही पुढे जाऊ.

डॉक्टर गेले तेव्हा त्यांच्या पत्नीने गाडी दाजींना देऊन टाकली. दाजी गेले तेव्हा ती काशीनाथकडे आली. आणि १९८० साली गिरगावातली खोली अपुरी पडू लागली म्हणून काशीनाथने भाईंदर पश्चिमेला सुधाकुंभ सहकारी गृहनिर्माण संस्थेत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं, तेव्हा सामानाबरोबर बायको हंसा, कडेवरची इशिता आणि ही गाडी, अशा तिघीजणी राहायला आल्या. गाडीला फाटकालगत रानबदामाच्या झाडाखाली जागा मिळाली. सावली, वारा आणि शेजार, तिन्ही दृष्टींनी संस्थेतली ती सर्वोत्तम जागा होती असं हंसाचं मत होतं, कारण तिची स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेच्या उन्हात होती.

सुधाकुंभ म्हणजे अमृताचा घडा. हे नाव ज्याने ठेवलं तो बिल्डर जमीन विकत घेण्यापूर्वी तिथे आलेला नसावा. ती जमीन पूर्वी मिठागर होती. तिचे मूळ मालक आत्माराम पाटील यांच्या तीन पिढ्यांनी तिथे मीठ पिकवलं होतं आणि जमीन विकताना कोपऱ्यातली विहीर तेवढी स्वतःकडे ठेवली होती. विहिरीला बारमाही पाणी. चवीला मचूळ. उन्हाळ्यात मचूळ म्हणणंही सौजन्याचं, सरळ खारं. त्या पाण्यात साबणाला फेस येत नसे आणि डाळ शिजत नसे. भांडी, लादी, संडास यांना ते चाले. नळाला जे पाणी येई त्याला सारं भाईंदर ‘गोडं’ म्हणे. हे गोडं पाणी दिवसाआड, पहाटे साडेचार ते सव्वापाच या वेळात येई, आणि आल्यावर पहिली दहा मिनिटं नुसता वारा येई. खालच्या नळावर बायकांची रांग लागे. वारा सूं सूं करत असताना पाणी नसलेल्या वेळाचं काहीतरी करायला हवं म्हणून बायका गात, आणि हंसाच्या नावावर तेव्हा एक ओवी जमा झाली होती:

नळबाईच्या दारी गं, हंडे बसले ओळीनं,
मोटारबाई प्याली, माझ्या वाट्याच्या कळशीनं.

बायका हसत. हंसाही हसे. काशीनाथ तेव्हा झोपलेला असे.

पावसकरांच्या वाट्याला एका खेपेस चार कळशा गोडं पाणी येई. त्यांची वाटणी काशीनाथने आखून दिली होती. पहिली कळशी गाडीची. तिच्या गळ्याला ओळखीसाठी निळा दोरा बांधला होता. दुसरी प्यायला आणि चहाला. तिसरी स्वयंपाकाला. चौथी आल्यागेल्याला आणि इशिताच्या शाळेच्या बाटलीला. बाकी सगळं विहिरीचं. रोज सकाळी काशीनाथ निळ्या दोऱ्याच्या कळशीतून तांब्याभर पाणी घेऊन खाली जाई, गाडीचं झाकण उघडून तिला पाजी, उरलेल्याने तिची काच पुसे, आणि वर येऊन चहा पिई. या क्रमात अकरा वर्षांत खंड पडला नाही.

गाडी मात्र फारशी चालत नसे. अकरा वर्षांत ती एकूण चौदा वेळा फाटकाबाहेर गेली. त्यापैकी नऊ वेळा स्वतःहून परत आली.

दिनांक १७ मार्च १९९१ रोजी संस्थेची विशेष सर्वसाधारण सभा भरली. विषय जमिनीखालच्या टाकीचा होता. गोडं पाणी आलं की ते एकदम साठवायचं, मग पंपाने वर चढवायचं, म्हणजे पहाटे कुणाला उतरावं लागणार नाही. कल्पना सर्वांना आवडली. आर्किटेक्टने नकाशा काढला आणि त्यात टाकी नेमकी रानबदामाखाली आली.

सचिव रामनाथ हे सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात होते, आणि आलेली गोष्ट कुठे जावी याविषयी त्यांचे विचार स्पष्ट होते. ते म्हणाले, “पावसकर, प्रश्न एवढाच आहे की ही वस्तू वाहन आहे की अतिक्रमण. चालत असेल तर वाहन. मग तिची जागा कायम, टाकीचं पुढे बघू. चालत नसेल तर अतिक्रमण. मग भंगारवाला.”

“चालते,” काशीनाथ म्हणाला.

“कधी?”

या प्रश्नाला लेखी उत्तर नव्हतं. तेव्हा असा ठराव झाला की रविवार दिनांक ५ मे रोजी सदर वाहनाने स्वतःच्या बळावर काशीमीरा नाक्यापर्यंत जाऊन दुपारी बारापूर्वी फाटकाच्या आत परत यावं. ढकलणे, ओढणे, उताराचा गैरफायदा घेणे निषिद्ध.

पस्तीस वर्षांची गाडी म्हणजे आता गाडी राहिलेली नव्हती. ती दाजींची उरलेली एकमेव हालचाल होती. भंगारवाला ती हातोड्याने फोडणार आणि दाजी दुसऱ्यांदा जाणार, हे काशीनाथला सभेतल्या खुर्चीवर बसल्या बसल्या दिसलं. हंसा तेव्हा सभासदांना चहा देत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं. ट्रेमधला एक कप तिने त्याच्यासमोर दोनदा ठेवला.

“अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय?” रामनाथांनी नियमाप्रमाणे विचारलं. हंसाचे ओठ हलल्यासारखे वाटले. पण ट्रे जड होता आणि तिची सभासद म्हणून नोंद नव्हती. ‘विषय नसल्याने सभा बरखास्त.’

पस्तीस वर्षांच्या गाडीने सोळा किलोमीटर जावं यासाठी काय करावं लागतं? हा प्रश्न एखाद्या अडाणी माणसापुढे आला असता तर त्याने गाडी मेकॅनिककडे नेली असती. सुधाकुंभने उपसमिती नेमली. चाचणी निष्पक्ष व्हावी, गाडी पडली तर ती संस्थेच्या हलगर्जीपणाने पडली असं म्हणायला जागा उरू नये, म्हणून गाडीच्या पोटात कोणते द्रव घालायचे हे संस्थेनेच ठरवावं, असं रामनाथांनी सुचवलं. समितीचं नाव ‘द्रवपदार्थ निवड उपसमिती’. सदस्य सात, पैकी गाडी असलेला एक, सायकल असलेले दोन, उरलेले चार मोकळ्या मनाचे.

पहिला विषय रेडिएटरचा. समितीपुढे चार पर्याय आले.

नळाचं गोडं. टँकरचं, जे गोडं असल्याचं टँकरवाला सांगतो. विहिरीचं. आणि चौथा पर्याय म्हणजे ‘कूलंट’ नावाची एक फॉरेनची बाटली, जी दुसऱ्या मजल्यावरच्या आशाबाईंच्या जावयाने दुबईहून आणली होती. आतला द्रव हिरवागार होता. तो वाळ्याचं सरबत नाही हे पटवण्यात समितीची पहिली बैठक खर्ची पडली. दुसऱ्या बैठकीत बाटलीवरचा मजकूर वाचण्यात आला. त्यात हा द्रव गाडीतलं पाणी गोठू देत नाही असं लिहिलं होतं. तेव्हा भाईंदरमध्ये पाणी किती वेळा गोठलं याची माहिती मागवण्यात आली. (गेल्या अकरा वर्षांत: शून्य. पाणीच नव्हतं असे दिवस: मोजलेले नाहीत.) तिसऱ्या बैठकीत असं आढळलं की हा द्रव निम्म्या शुद्ध पाण्यात मिसळूनच वापरायचा असतो. “म्हणजे पाणी लागणारच,” रामनाथ म्हणाले, “मग बाटली कशाला?” बाटली आशाबाईंच्या शोकेसमध्ये काचेच्या बदकाशेजारी परत ठेवण्यात आली आणि तिथे ती शोभली.

विहिरीच्या पाण्याची बाजू आत्माराम पाटलांनी मांडली. ते समितीचे सदस्य नव्हते. कुंपणापलीकडे उभे होते. “मंग इहिरीचं का न्हाय? भरपूर हाय. माझी म्हस त्येच पिते.”

“आत्मारामशेठ, खाऱ्या पाण्याने लोखंड गंजतं,” काशीनाथ म्हणाला. “रेडिएटर चाळणी होईल. आमच्या दाजींनी कधी खारा थेंब तिच्या तोंडाला लागू दिला नाही.”

“मानसं पितात की आमच्याकडं.”

“माणसं गंजत नाहीत.”

हे उत्तर समितीला फार आवडलं. इतिवृत्तात ते जसंच्या तसं घेतलं गेलं आणि रेडिएटरला फक्त नळाचं गोडं पाणी घालावं, असा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत चोवीस घरांच्या चोवीस विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. (वाचकांपैकी ज्यांना हा निर्णय योग्य वाटत असेल त्यांनी हात वर करण्याची गरज नाही. पुढे वाचत राहणे हीच संमती धरण्यात येईल.)

दुसरा विषय गिअरच्या तेलाचा. इथे मात्र अडचण अशी झाली की हे तेल असतं एवढंच काशीनाथला माहीत होतं. ते कोणतं, हे नव्हतं. तो चर्नी रोडच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होता. चुकीचा ऱ्हस्व त्याला तीन हातांवरून दिसे. दाजींचे हात नेहमी काळे असत. ते तेलाने की आणखी कशाने, हे त्याने लहानपणी तपासलं नव्हतं, आणि मोठेपणी हातच राहिले नव्हते. शेवटी त्याने काशीमीरा नाक्यावर गॅरेज असलेल्या लवूला आत्मारामशेठच्या मुलाकरवी निरोप धाडला. लवू मालवणचा. वीस वर्षं ट्रकखाली झोपून काम केल्याने तो कमी बोले आणि त्याहून कमी लिही. बिडीच्या बंडलाच्या कागदावर त्याचं उत्तर आलं. त्यात चार शब्द होते:

‘गोडां पानी त्याल नव्वद’

काशीनाथने खिशातून लाल पेन काढलं. हे त्याने मुद्दाम केलं नाही. ते आपोआप निघतं. ‘गोडां’चं ‘गोडे’ केलं. ‘पानी’ला ण दिला. ‘त्याल’चं तेल केलं. पाणी आणि तेल यांच्यामध्ये काहीच नव्हतं, तिथे एक ‘व’ घातला. राहिला ‘नव्वद’. त्याचा मागच्यापुढच्या कशाशी संबंध लागेना. छापखान्यातल्या कागदांवर पानाचे आकडे असे भटकत येतात, हा त्याचा अठरा वर्षांचा अनुभव होता. त्याने ‘नव्वद’वर काट मारली आणि स्वच्छ प्रत रामनाथांना दिली:

‘गोडे पाणी व तेल.’

वाक्य निर्दोष होतं. पाणी नपुंसकलिंगी, तेलही नपुंसकलिंगी. ‘गोडे’ हे विशेषण दोघांनाही सारखं लागतं. रामनाथांनी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, “म्हणजे पाणीही गोडं आणि तेलही गोडं. मेकॅनिकने अगदी स्पष्ट लिहिलंय.”

गोडं तेल म्हणजे काय, हे मराठी घरात कुणाला सांगावं लागत नाही. ज्यात भजी तळतात ते. आणि एकदा ते तसं ठरल्यावर समितीतल्या चारही मोकळ्या मनांना पहिल्यांदाच आपल्या अधिकारातला विषय मिळाला. शेंगदाण्याचं की करडईचं यावर बैठक अडीच तास चालली. शेंगदाण्याच्या बाजूने चव होती. पण त्या वर्षी सगळीकडे हृदयासाठी करडईच खावी असं डॉक्टर सांगत होते, आणि सदर वाहनाचं वय पाहता शेंगदाण्याचं तिला जड जाईल, असं मत पडलं. तिळाचं उष्ण म्हणून बाद. खोबरेल डोक्याचं. करडई, सव्वा लिटर, बहुमताने.

“गाडीत गोडं तेल?” हंसा म्हणाली.

“ठराव आहे.”

“अहो, पण ते तेल मी...”

“मेकॅनिकच्या हातचा कागद आहे. मी स्वतः शुद्ध केलाय.”

हंसाने डबा पुढे केला. “मग आता दसऱ्यापर्यंत पापड भाजूनच खा. आणि शिंगाड्यासारखं तोंड करू नका तेव्हा.”

दाजींना करताना पाहिलं होतं तसं गाडीखाली शिरून काशीनाथने बोल्ट काढला. आतून काळं, दाट, वास मारणारं काहीतरी बाहेर आलं. इतकी वर्षं झाली, कुजलं असणार, असं म्हणून त्याने ते टाकून दिलं आणि स्वच्छ सोनेरी करडई आत ओतली. झाडावरून एक लाल पान बॉनेटवर पडलं. गाडीने आवाज केला नाही. तिला तोंड नव्हतं.

पाच मे उजाडला. तो नळाचा दिवस नव्हता. फाटकाशी रामनाथ रजिस्टर घेऊन, गळ्यात घड्याळ अडकवून उभे होते. (मनगटावरचं घड्याळ निकालाच्या कामी कमी पडेल म्हणून घरातलं टेबलावरचं घड्याळ सुतळीला बांधून आणलं होतं.) नऊ वाजून दहा मिनिटांनी काशीनाथने चावी फिरवली. गाडी खोकली, थांबली, पुन्हा खोकली, आणि चोवीस खिडक्यांच्या आश्चर्यासमोर पंधराव्यांदा फाटकाबाहेर पडली.

आणि ती चालली! गिअर लोण्यातून फिरावा तसा फिरत होता. रेल्वेच्या फाटकावर ती बंद न पडता थांबली. पलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिठागरांचे आरसे उन्हात चमकत होते, पांढऱ्या राशींवर बगळे उभे होते, आणि काशीनाथच्या मनात दाजींचे काळे हात स्टिअरिंगवर होते. फक्त एक गोष्ट त्याला कळेना. जाईल तिथे भज्यांचा वास येत होता. फाटकावर दोन रिक्षावाले उतरून गाडीभोवती फिरले. एकाने काचेवर टकटक केली.

“अंकल, बटाटावडा है क्या?”

काशीमीरा नाक्यावर, ट्रक आणि हॉटेलांच्या मध्ये, लवूचं गॅरेज होतं. लवू बाहेर आला, उभा राहिला, नाक वर केलं.

“साहेब, गिअरात काय घातलास?”

“ठरावाप्रमाणे. गोडं तेल. करडई.”

लवू गाडीखाली गेला आणि बराच वेळ आला नाही. मग त्याचा आवाज आला. “ह्येच्यात वडे तळूचे की गाडी चालवूची?”

“तूच लिहिलं होतंस, लवू. गोडे पाणी व तेल.”

“मी? मी लिवलंय, गोडां पानी. मगे त्याल नव्वद! नव्वद नंबर, गिअरचा त्याल. नव्वद खंय गेला?”

काशीनाथने खिशातलं लाल पेन चाचपलं. अठरा वर्षांत त्याने हजारो शब्द गाळले होते. त्यातल्या कुणीही आजवर परत येऊन ‘मी खंय गेलो’ असं विचारलं नव्हतं.

लवूने करडई एका कढईत काढून घेतली (ती पुढे शेजारच्या हॉटेलात गेली अशी वदंता आहे, आणि त्या आठवड्यात तिथल्या भज्यांची तारीफ झाली हे खरं आहे). मग नव्वद नंबर ओतलं. ते काळं, दाट आणि वास मारणारं होतं. काशीनाथने तो वास ओळखला आणि तोंड दुसरीकडे वळवलं. दाजी कामावरून घरी आले होते.

जाता जाता लवूने रेडिएटरचं झाकण फडक्याने उघडलं, आतल्या तांबूस पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. त्याने थुंकून काशीनाथकडे पाहिलं.

“साहेब, हेका गोडां पानी घालतास मा?”

“अकरा वर्षं. एक दिवस चुकलेला नाही.”

लवूने पुन्हा एकदा बोट चाटलं. पुन्हा थुंकला. “बरां,” म्हणाला. “मी पानी भरतंय. पन आत सगळी चाळण झाल्या. पोचलास तर पोचलास.”

“समुद्राची हवा,” काशीनाथ म्हणाला.

“हां. हवाच आसतली.”

अकरा वाजून अडतीस मिनिटांनी गाडी सुधाकुंभच्या गल्लीत शिरली आणि फाटकापासून तीस पावलांवर थांबली. पुढून पांढरी वाफ निघाली, खालून तांबडं पाणी. रामनाथ घड्याळासह चालत आले. “ढकलायचं नाही हां, पावसकर.”

“ढकलत नाही. गार होऊ दे, चार लिटर पाणी घातलं की तीस पावलं जाईल. गोडं पाणी हवंय थोडं. घरचं आमचं...” त्याने वर पाहिलं. हंसा खिडकीत नव्हती.

गोडं पाणी गाडीलाच द्यावं असं चोवीस घरांनी एकमताने ठरवलं होतं. ती सगळी घरं आता खिडकीत होती. तपशील असा: आठ घरांतलं पाणी नेमकं आत्ताच संपलं. पाच घरी पाहुणे येणार होते. चार घरांचे दरवाजे बंद होते. आतून रेडिओ चालू होता. तिघांनी पाण्याऐवजी सल्ला दिला. एका घरी श्राद्ध होतं. आशाबाईंनी हिरवी बाटली खाली पाठवली. रामनाथांना सचिव या नात्याने तटस्थ राहणं भाग होतं. एकूण तेवीस. चोविसावं घर पावसकरांचं.

“इहिरीचं काडून देऊ?” आत्मारामशेठ कुंपणापलीकडून म्हणाले. विहीर वीस पावलांवर होती. “बादली टाकतो. येका मिनिटाचं काम हाय.”

“नाही,” काशीनाथ म्हणाला. “ठराव आहे. आणि दाजी...” त्याने रामनाथांच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजायला सोळा मिनिटं होती. रानबदामाखालची मोकळी जागा इथून दिसत होती. एवढ्यात तिथे कुणीतरी चुन्याने टाकीची रेघही मारली होती.

मग जिन्यात पावलं वाजली. हंसा तीन मजले उतरून आली. कमरेवर कळशी, कळशीच्या गळ्याला निळा दोरा. चुन्याच्या रेघेवर पाय पडू न देता ती फाटकातून बाहेर आली आणि कळशी त्याच्यापुढे धरली. भरून काठोकाठ होती. तिने एक थेंबही सांडला नव्हता.

“गोडंच ना गं?” काशीनाथने विचारलं.

“हो. आज गोडंच आहे.”

त्याने झाकण उघडलं आणि पाणी ओतलं. खळखळ करत ते आत गेलं. गाडीने एक मोठा श्वास सोडला. चावी फिरली, चाकं फिरली, आणि अकरा वाजून सत्तावन्न मिनिटांनी सदर वाहन स्वतःच्या बळावर फाटकाच्या आत येऊन चुन्याच्या रेघेवर उभं राहिलं. चोवीस खिडक्यांनी टाळ्या वाजवल्या. (टाळ्यांना पाणी लागत नाही.) रामनाथांनी रजिस्टर बॉनेटवर उघडलं आणि लिहायला घेतलं: वाहन हे वाहनच आहे. जागा कायम. टाकीचा विषय अनिश्चित काळासाठी तहकूब.

काशीनाथ उतरला. त्याचे हात काळे झाले होते, आणि त्याला ते धुवावेसे वाटत नव्हते. पण त्याला काहीतरी टोचत होतं. वाक्यात एक शब्द जास्त होता. ‘आज गोडंच आहे.’ यातला ‘आज’ अनावश्यक होता. काढला तरी अर्थ बदलत नाही, असं त्याच्यातला मुद्रितशोधक म्हणाला. लाल पेन खिशात होतं. पण सकाळीच एक शब्द नाक्यावर परत भेटलेला होता. त्याने या शब्दावर काट मारली नाही.

“हंसा,” तो म्हणाला, “‘आज’ कशाला?”

हंसाने रिकामी कळशी पालथी करून पाहिली.

“अकरा वर्षं विहिरीचंच घालत आलात तिला,” ती म्हणाली. “निळ्या दोऱ्याच्या कळशीत मी विहिरीचंच भरून ठेवायची. स्वयंपाकाची कळशी दुसऱ्या दिवसाला पुरत नव्हती आणि विहिरीच्या पाण्यात तुमची डाळ शिजत नव्हती. तिच्या वाट्याचं गोडं डाळीत जायचं.”

“आणि माझा चहा?”

“तो गोड्याचाच होता. एक दिवस चुकलेला नाही.”

“इशिताची बाटली?”

“गोड्याची.”

काशीनाथने बोटांवर कळशा मोजल्या. चहा, डाळ, पाहुणे, शाळा. बोटं संपली.

“आणि तू?”

“मी आणि ती,” हंसाने गाडीकडे हनुवटी उडवली, “एकच पाणी. पहिलं वर्ष पोट दुखलं. मग सवय झाली. तिलाही झाली असेल म्हटलं.”

कुंपणापलीकडे आत्मारामशेठ खाकरले आणि आपल्या म्हशीकडे बघू लागले.

“अगं, मग एवढ्या वर्षांत सांगितलं का नाहीस?”

“कुणी विचारलं?”

(आपणही विचारलं नव्हतं. आपली संमती वर नोंदवलेली आहे.)

रामनाथांनी यातलं काही ऐकलं नव्हतं, किंवा ऐकलं असेल तर ते विषयपत्रिकेवर नव्हतं. ते पानाच्या तळाशी पोचले होते आणि तिथे नेहमीचं वाक्य होतं. त्यांनी ते नेहमीप्रमाणे, मान वर न करता वाचलं.

“अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय?” आणि उत्तराची वाट न बघता ‘विषय नस’ एवढं लिहूनही टाकलं.

“आहे,” हंसा म्हणाली.

रामनाथांचं पेन थांबलं. चोवीस खिडक्या थांबल्या. हंसाने कळशी खाली ठेवली, नीट, आवाज न होऊ देता.

“मला तहान लागलीय.”